‘संध्याछाया’तील दोघे आणि आपली दिवाळी

दिवाळी तोंडावर आली की आपल्या बोरगाव-निपाणी भागातील कितीतरी घरांत दोनच माणसे उरलेली दिसतात. मुलगा पुण्याला, मुलगी बेंगळूरला, एखादा त्याहूनही लांब. अशा घराविषयी बोलताना कोणीतरी हटकून म्हणते, “अगदी ‘संध्याछाया’ झाली हो त्यांची!” जयवंत दळवींचे हे नाटक १९७३ सालचे. विजया मेहता यांनी ते बसविले आणि नानीची भूमिकाही केली. इतक्या वर्षांनी नाटकाचे नाव लोकांच्या तोंडी राहावे, हे यश लहान नव्हे. मात्र नाव तोंडी राहिले आणि नाटक वाचायचे राहून गेले, असेही झाले आहे.

कथानक बहुतेकांना ठाऊक आहे. थोरला दिनू अमेरिकेत, धाकटा नंदू सैन्यात. दिनू तिकडेच लग्न करून राहतो, नंदू युद्धात कामी येतो आणि शेवटी नाना-नानी झोपेच्या गोळ्या जवळ करतात. प्रेक्षक डोळे पुसत उठतो आणि सगळा दोष अमेरिकेतल्या मुलावर टाकून मोकळा होतो. दळवी स्वतः मुंबईत अमेरिकन माहिती खात्यात नोकरी करीत होते. तेव्हा त्या देशावरच्या ऐकीव रागातून त्यांनी हे लिहिले, असे काही म्हणता येणार नाही.

ही दोघे दिवसभर करतात काय, हे जरा पाहावे. पत्राची वाट, मुलांच्या आठवणी, एकमेकांची थट्टा आणि चुकून दारात आलेल्या अनोळखी माणसालाही आग्रहाने बोलत बसवून ठेवणे. त्या ठिकाणी प्रेक्षक हसतो. मला मात्र नाटकाचे मर्म तिथेच वाटते. माणसांची एवढी भूक असलेल्या या जोडप्याला हक्काचा शेजार नाही. आयुष्यभराची ठेव त्यांनी दोनच खात्यांत टाकली. याच दळवींनी आधी ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये आपले आरवली गाव उभे केले होते. तऱ्हेवाईक, भांडखोर, दरिद्री अशी किती माणसे त्यात आहेत! पण ती एकमेकांच्या पायात पाय घालून जगतात. तो लेखक नाना-नानींना बंद दारामागे बसवतो, तेव्हा ते जाणूनबुजून केलेले असते.

एक तक्रार मात्र आहे. नंदूचा मृत्यू घालून दळवींनी स्वतःची वाट सोपी करून घेतली. तो मृत्यू नसता तर त्यांना अवघड प्रश्नाला तोंड द्यावे लागले असते. मुले सुखरूप आहेत, पैसे येतात, फोन येतो, फक्त ती येत नाहीत. मग या दोघांनी पुढची दिवाळी कशी करायची? आपल्याकडची जोडपी गोळ्या घेत नाहीत. ती अशा दहा-पंधरा दिवाळ्या काढतात. त्या कशा काढतात, हे नाटक सांगत नाही.

दुसरी बाजू पु. लं.च्या ‘अपूर्वाई’त सापडते. एके काळी बेळगावच्या कॉलेजात शिकवून गेलेले पु. ल. आणि सुनीताबाई परमुलखात दोघेच आहेत. पण पुस्तकात रडगाणे नाही. (आतली चित्रे शि. द. फडणीसांची, म्हणजे आपल्या शेजारच्या भोजगावात जन्मलेल्या माणसाची. हे आपल्याच मुलांना सांगावे लागते!) कोणी म्हणेल, प्रवासातल्या मौजेची आणि म्हातारपणाची तुलना कशी? आक्षेप रास्त आहे. शिवाय १९९० साली सुनीताबाईंचे ‘आहे मनोहर तरी’ आले आणि दोघांच्या संसाराची मौज कोणाच्या कष्टांवर उभी असते, हेही कळले. दोघेच असलेल्या घरातही चकल्या एकटीच तळते, त्या कुरिअरने मुलाकडे जातात आणि तो मोबाईलवर डबा उघडून दाखवतो.

सणांत एक दिवस तरी केवळ दोघांचा आहे, पाडव्याचा. भाऊबीजेला भाऊ लागतो, फराळाला खाणारी तोंडे लागतात; पाडव्याला नवरा-बायको पुरतात. आपल्याकडे त्याच सकाळी शेणाचे पांडव मांडतात, तेही मराठी आणि कानडी दोन्ही घरांत. आपली करंजी तिकडे जाते, तिकडून होळगी येते. आमच्या शाळेतल्या काही मुलांच्या घरी आता अंगणच उरलेले नाही. ती सरळ शेजारच्या आजी-आजोबांच्या अंगणात किल्ला बांधतात, चिखल करतात, बोलणी खातात आणि लाडूही खातात. हा मजकूर नाटकात यायला हवा होता.

मी पाहिलेल्या दोन हौशी प्रयोगांत वेळ वाचवण्यासाठी नेमका त्या अनोळखी पाहुण्याचा प्रवेश छाटला होता. यंदा कोणी मंडळ ‘संध्याछाया’ बसवणार असेल, तर छाटायला दुसरे काहीतरी शोधावे.