अकरा दिवसांची ‘गंमत’

धोतऱ्याविषयीच्या इंग्रजी लेखनात जेम्सटाउनच्या सैनिकांची गोष्ट वारंवार येते. तिचे मूळ रॉबर्ट बेव्हर्ली यांच्या १७०५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हर्जिनियाच्या इतिहासात आहे. वर्गात सांगण्याजोगी ही गोष्ट आहे खरी; पण ती आहे तशीच सांगू नये, असे आम्हाला वाटते.

व्हर्जिनियात १६७६ साली बेकनचे बंड झाले. ते शमवायला आलेल्या काही सैनिकांनी धोतऱ्याची कोवळी पाने उकडून भाजी म्हणून खाल्ली. मग एक जण पीस हवेत फुंकत बसला, दुसरा त्यावर त्वेषाने काड्या फेकू लागला, तिसरा उघडाच कोपऱ्यात बसून माकडासारखे दात विचकू लागला. अखेर त्यांना कोंडून ठेवावे लागले. अकरा दिवसांनी ते भानावर आले, तेव्हा यातले काहीच त्यांना आठवत नव्हते.

वर्णन म्हणून हा मजकूर सरस आहे. भान अचानक हरपणे, निरर्थक हालचाली, मागाहून स्मृती कोरी असणे, ही सारी डिलिरियमची लक्षणे त्यात आहेत. आपल्याकडे यालाच ‘वातात बरळणे’ म्हणत.

मात्र त्यात तीन उणिवा आहेत. पहिली, हे आँखोदेखे नव्हे. घटनेच्या वेळी बेव्हर्ली लहान होते आणि पुस्तक सुमारे तीस वर्षांनंतरचे आहे. तेव्हा ‘अकरा’ या आकड्यावर फार भिस्त ठेवता येत नाही.

दुसरी उणीव स्पष्टीकरणाची. ही वनस्पती अत्यंत थंड समजली जाते, असे ते लिहितात. प्रत्यक्षात उलटे घडते. विषबाधेत घाम थांबून अंग तापते, तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, नाडी जलद चालते, लघवी तुंबते. धोतऱ्यातील अ‍ॅट्रोपीन व स्कोपोलामीन ही द्रव्ये ॲसिटिलकोलीन या चेतासंदेशवाहकाच्या जागा अडवून बसतात. घामाच्या ग्रंथींना जसा त्याचा निरोप लागतो, तसाच मेंदूतील अवधान आणि स्मृती यांनाही लागतो. त्यामुळे कोरडे तोंड आणि भ्रम यांचे कारण एकच.

तिसरी उणीव आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. लेखक हा प्रकार गमतीचा म्हणून रंगवतो आणि तीच गंमत पुढे सांगितली जाते. धोतऱ्याच्या विषाने माणसे दगावतात, हे त्यात हरवते.

हसण्याची ही सवय घरातही दिसते. ॲलर्जीवरचे डायफेनहायड्रामीन, लघवीवरचे ऑक्सिब्युटिनिन, कंपवातावरचे ट्रायहेक्सिफेनिडिल, नैराश्यावरचे अमिट्रिप्टिलीन ही औषधेही कमीअधिक प्रमाणात त्याच जागा अडवतात. अशी दोन-तीन औषधे एकत्र आली की परिणामांची बेरीज होते. वार्धक्यात मेंदू ती कमी सोसतो. मग काल ठीक असलेल्या आजी आज भिंतीवर मुंग्या पाहतात, हवेतले धागे ओढतात, आणि घरचे म्हणतात, ‘म्हातारचळ लागला!’ स्मृतिभ्रंश सहसा महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. डिलिरियम तासांत किंवा दिवसांत उद्भवतो आणि दिवसभरात कमीजास्त होतो. जंतुसंसर्गासारखी इतर कारणेही असतात. म्हणून औषधे मनाने बंद न करता, ती सगळी बरोबर घेऊन तातडीने डॉक्टरांकडे जावे.

शिक्षकांनी ही गोष्ट जरूर सांगावी. मात्र हसू ओसरल्यावर विद्यार्थ्यांना विचारावे : त्या सैनिकांचे अंग तापले होते का, बाहुल्या कशा होत्या, आणि हे बेव्हर्लींनी का लिहिले नसेल?