‘अक्करमाशी’तील बालपणीचा आघात आणि संरक्षण यंत्रणा : एक चिकित्सा

प्रस्तावना :
मानसशास्त्राच्या आधारे साहित्यकृतीचा अभ्यास करताना आपल्याकडे एक सोपी पद्धत रूढ झाली आहे. पात्राचे वर्तन घ्यायचे आणि त्यावर दमन, प्रक्षेपण, उदात्तीकरण अशी नावे चिकटवायची. यातून यादी तयार होते. साहित्यकृती मात्र कळत नाही. प्रस्तुत लेखात शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (1984) या आत्मकथनाचा या अंगाने विचार केला आहे. ही कादंबरी नव्हे. परंतु तिच्यातील प्रसंगांची निवड व निवेदन कथात्म साहित्याप्रमाणेच तपासता येते. लेखकाचे हन्नूर हे गाव अक्कलकोट तालुक्यात आहे. कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद व अफजलपूर तालुके त्याला लागूनच आहेत. मराठी, कन्नड व दखनी बोलणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हे जग परके नाही.

संकल्पना :
असह्य भावनेपासून स्वतःला वाचविण्यासाठी मन नकळत जे मार्ग वापरते, त्यांना संरक्षण यंत्रणा म्हणतात. सिग्मंड फ्रॉइड यांच्या या कल्पनेची सविस्तर मांडणी अ‍ॅना फ्रॉइड यांनी 1936 साली केली. मनातील प्रेरणांबरोबरच बाहेरील धोक्याचाही त्यांनी विचार केला आहे. ‘अक्करमाशी’ वाचताना हा दुसरा भाग महत्त्वाचा ठरतो.

विवेचन :
शाळेच्या सहलीत सवर्ण मुलांचे उरलेले अन्न महार मुलांना दिले जाते. पुढे वर्गात सहलीवर निबंध लिहायला सांगितला जातो. मुलाला लिहिता येत नाही, तेव्हा शिक्षक त्याला जातीवरून हिणवतात. याला दमन म्हणावे काय? मुलगा काहीही विसरलेला नाही. जे घडले ते लिहायला त्या निबंधात जागाच नाही. येथे दमन मनाने केलेले नसून ते वर्गाने लादलेले आहे.

दुसरा प्रसंग भाकरीचा. आजी संतामाय शेणातील दाणे धुऊन, दळून स्वतःसाठी भाकरी करते आणि मुकाट्याने खाते. नातू हट्टाने तुकडा मागतो. त्याला शेणाचा वास येतो, घास गिळवत नाही. आजीजवळ सवयीचे कवच आहे, मुलाजवळ ते अद्याप नाही. तिच्या सोसण्याला केवळ ‘नकार’ म्हटले, तर तिची भूक आपण नाकारल्यासारखे होईल.

बारा माशांचा तोळा. अकरा माशांचा तो कमअस्सल, म्हणून ‘अक्करमाशी’. वडील लिंगायत, आई मसामाय महार आणि आजीसोबत राहणारे, मुलाला माया लावणारे ‘दादा’ म्हणजे महमूद दस्तगीर जमादार मुसलमान. मग आपण कोण, हा प्रश्न निवेदक पुनःपुन्हा विचारतो. वेदनेचे असे प्रश्नात रूपांतर करण्याला बौद्धिकीकरण म्हणता येईल. तथापि बौद्धिकीकरण माणसाला भावनेपासून दूर नेते. येथील प्रश्न त्याला पुन्हा जखमेजवळच आणतात. म्हणून ही संज्ञा अर्धीच लागू पडते. उलट दादांच्या मायेत धर्म वा वंश आड येत नाही. मुलाला खरा आधार मिळतो तो तेथे.

निष्कर्ष :
1. या कृतीतील संरक्षण यंत्रणा केवळ मुलाच्या मनात शोधून चालणार नाही. गाव, शाळा व जात यांनी घातलेली बंदीही पाहावी लागते.
2. ‘अक्करमाशी’ हे एका अर्थी त्या न लिहिलेल्या निबंधाचे उशिरा दिलेले उत्तर होय. यास उदात्तीकरण म्हणता येईल. मात्र त्यामुळे आघात सौम्य झाला असे समजू नये.
3. आपल्या वर्गात ‘माझे बालपण’ हा विषय देताना पर्यायी विषयही अवश्य द्यावा. प्रवेश अर्जातील वडिलांच्या नावाची रिकामी जागा सर्वांसमक्ष विचारू नये. न लिहिणारा विद्यार्थी मंद आहे, असे ठरविण्यापूर्वी सहलीचा तो प्रसंग शिक्षकाने एकदा आठवावा.