विनामूल्य संगणकप्रणालींचे अप्रत्यक्ष मूल्य : सिंधुदुर्ग किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या संदर्भात

प्रस्तावना :
इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाने निर्माण केलेला संभ्रम मराठीत होण्याचे कारण नाही. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हा त्यांना आज्ञावली वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे स्वातंत्र्य अभिप्रेत होते. किंमत हा गौण मुद्दा होता. तथापि खरेदीच्या कागदपत्रांत दोन्ही प्रकार ‘शून्य रुपये’ या एकाच रकान्यात जमा होतात. त्या शून्यामागील खर्च कोण सोसतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विनामूल्य देणगीच्या अटी :
मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०१५ पासून एक वर्ष विंडोज ७ व ८.१ च्या ग्राहकांना विंडोज १० विनामूल्य दिली. तिचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ हीदेखील विनामूल्य. परंतु तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-यंत्रणा व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे प्रणाली फुकट, यंत्र मात्र विकत. परिणामी चालू स्थितीतील संगणकही डेडस्टॉक नोंदवहीतून निर्लेखित करण्याची वेळ येते. सुरक्षा-सुधारणांच्या मुदतवाढीसाठी शैक्षणिक संस्थांना प्रतिसंगणक पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ व तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असा दर ठरविण्यात आला. रक्कम अल्प आहे. परंतु तिने प्रश्न सुटत नाही, केवळ पुढे ढकलला जातो.

यावरून अद्ययावतीकरण टाळावे, असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्याला प्रतिबंध करणारी सुधारणा त्याच वर्षी मार्चमध्ये उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसविली नाही, त्यांचे नुकसान झाले. उलटपक्षी, १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने सुमारे ८५ लाख संगणक ठप्प केले. सारांश, सुधारणा आवश्यक आहे आणि तिच्यावर देखरेखही आवश्यक आहे. ही देखरेख मात्र कोणीही फुकट पुरवीत नाही.

किनारपट्टीवरील हिशेब :
समजा, प्रयोगशाळेत ३० संगणक आहेत आणि एका मोठ्या अद्ययावतीकरणाचा आकार ४ जीबी आहे. प्रत्येक संगणकाने ते स्वतंत्रपणे उतरविल्यास १२० जीबी माहिती जोडणीवरून यावी लागते. महानगरात हे काम एका रात्रीत उरकते. मालवण, देवगड वा वेंगुर्ल्यात पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने जिल्ह्यातील वीज व दूरसंचार सेवा अनेक ठिकाणी खंडित केली होती. बसविण्याची प्रक्रिया अर्ध्यावर तुटल्यास संगणक सुरू न होण्याचा संभव असतो. तो दुरुस्त करण्यात प्रयोगशाळा साहाय्यकाचे वा शिक्षकाचे जे तास जातात, ते कार्यभाराच्या तक्त्यात सहसा दिसत नाहीत.

मुक्त प्रणालीही या हिशेबातून सुटत नाही. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली उपलब्ध आहे. परंतु जुन्या, युनिकोडपूर्व मराठी टंकांतील कागदपत्रांचे रूपांतर, छपाईयंत्रांची जुळणी आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांना श्रम लागतात. २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या ‘हार्टब्लीड’ दोषाने दाखवून दिले की, जगभर वापरली जाणारी ओपनएसएसएल ही आज्ञावली मोजक्याच लोकांच्या श्रमांवर उभी होती. आयजीच्या जिवावर बायजी उदार, असाच हा व्यवहार होय. केरळमधील ‘आयटी ॲट स्कूल’ उपक्रमाने शाळा मुक्त प्रणालीकडे नेताना शिक्षक-प्रशिक्षणावर भर दिला. परवान्याची बचत मनुष्यबळाकडे वळविली, तरच मुक्त प्रणाली टिकते, हा त्यातील धडा आहे.

समारोप :
फुकट प्रणाली महाविद्यालयाला कंपनीच्या वेळापत्रकाशी बांधते. मुक्त प्रणाली श्रम मागते, परंतु निर्णय महाविद्यालयाच्या हाती ठेवते. हा भेद खरेदी समितीने विचारात घेणे आवश्यक आहे. संगणकाच्या संपूर्ण आयुष्यातील वीज, जोडणी, दुरुस्ती व मनुष्यतास यांची नोंद अंदाजपत्रकात व्हावी; अद्ययावतीकरण एकदाच उतरवून स्थानिक जाळ्यातून वितरित करावे; आणि त्या कामाला कार्यभारात स्थान मिळावे. अन्यथा शून्य रुपयांचा भार ज्याच्या कामाची नोंदच होत नाही, त्या कर्मचाऱ्यावर पडत राहील.