ठशाची चूक

जबलपुरास बदली होऊन गोहलपुरात बिऱ्हाड मांडले, तेव्हा बैठकीसाठी आम्ही एक चादर आणली. तांबड्या जमिनीवर पांढरी वेलबुट्टी. विक्रेत्याने ती ठशांच्या छपाईची म्हणून दिली. एका फुलाची पाकळी किंचित सरकली होती. ही हाताची खूण समजून आम्ही संतोष पावलो. पुढे ध्यानात आले की प्रत्येक फुलाची तीच पाकळी, त्याच बाजूस, तितकीच सरकली आहे. चूकही छापील होती!

या निमित्ताने रूथ बार्न्स यांचा १९९७ चा सूचीग्रंथ आम्ही पुन्हा उघडला. ईजिप्तमध्ये मिळालेल्या भारतीय छापील सुती वस्त्रांचे बाराशेंहून अधिक तुकडे पर्सी न्यूबेरी यांनी जमविले. १९४६ साली ते ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आले. या जातीच्या कापडांचा गुजरातशी असलेला संबंध फिस्टर यांनी १९३८ सालीच दाखविला होता. बार्न्स यांनी कर्बमापनाने काळाचा आधार दिला. काही तुकडे दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत मागे जातात. परंतु सूचीचे काम वर्गीकरणाचे. रसग्रहण वाचकाकडेच राहते.

रसिकाची दृष्टी प्रथम हंस, वृक्ष, कमळ यांवर जाते. आमच्या मते खरी कला त्याआधीची आहे. पांढरी नक्षी राखून निळीत रंगविलेल्या कापडावर ठसा रंग उमटवीत नाही. तो रोधक लेप लावून रंगाला मज्जाव करतो. तांबड्यासाठी तुरटीचा लेप छापतात. आल वा मंजिष्ठेच्या काढ्यातून निघाल्यावरच नक्षी उघड होते. म्हणजे छिपा (उत्तरेत या कारागिरांपैकी पुष्कळ जण स्वतःस आपल्या नामदेवांचे म्हणवितात) ठसा उठविताना पुरते चित्र पाहतच नाही. पुढे काय दिसेल याची जाण ठेवूनच त्याचा हात चालतो.

म्हणून दोन ठशांच्या सांध्याशी जेथे रेषा तुटते किंवा दुहेरी होते, तेथे आम्ही थांबतो. दोषाला गुण म्हणण्याची हल्लीची रसिकता आम्हांस मान्य नाही. दोष तो दोषच. पण हाताचा दोष एकदा घडतो आणि पुढचा ठसा बसविताना हात स्वतःस सावरतो. त्या सावरण्यात कारागीर भेटतो. यंत्राने नकललेल्या चुकीला सावरण्याची संधीच नसते. ती गजागजाने तशीच पुढे जाते.

आमच्याच राज्यात, धार जिल्ह्यातील बाग येथे, तुरटी आणि लोखंडाच्या लेपांनी आजही ठसे उठतात. तेथील कापड महाग वाटले, तर किंमत कशाची हे खरेदीदाराने सांध्यांपाशी पाहावे.

चादर आम्ही टाकून दिलेली नाही. मात्र कोणी तिची हातची छपाई म्हणून वाखाणणी केली, की आम्ही त्यांना दुसरे फूल दाखवितो.