जेत्याचे मन

सुरतेचे नाव निघाले की मराठी वाचकास जानेवारी १६६४ आठवतो. त्या वेळी सुभेदार इनायतखानाचा वकील बोलणी करण्याच्या मिषाने शिवाजीमहाराजांच्या छावणीत आला आणि एकाएकी कट्यार उपसून त्यांच्यावर धावला. अंगरक्षकाने त्याचा हात तोडला; तरीही तो महाराजांवर येऊन आदळला आणि तेथेच मारला गेला. त्या अंगरक्षकास त्या रात्री झोप लागली असेल काय, हा प्रश्न आपणांस पडत नाही, व न पडणे स्वाभाविकही आहे. मेला तो शत्रू होता.

मुष्टियोद्ध्याची गोष्ट निराळी. त्याच्यासमोर उभा असतो तो शत्रू नव्हे, समव्यवसायी. पंच असतात, नियम असतात. त्या नियमांच्या आत राहूनच कधी समोरचा माणूस मरतो. मारणाऱ्यास कोणी दोषी ठरवीत नाही. पण आरोपच नसल्यामुळे त्यास कोणी निर्दोष म्हणून मुक्तही करू शकत नाही. या कोंडीचे चित्रण साहित्याने करावयास हवे होते, असे आम्हांस वाटते.

शुगर रे रॉबिन्सनने आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे की, १९४७ साली क्लीव्हलंड येथे जिमी डॉइलशी लढण्यापूर्वी प्रतिस्पर्धी आपल्या हातून मेल्याचे स्वप्न त्यास पडले होते. लढत रद्द करावी असे त्याने म्हटले, परंतु एका धर्मोपदेशकाने त्याची समजूत घातली. डॉइल खरोखरच मेला. डॉइलला अडचणीत आणण्याचा तुझा हेतू होता काय, असे चौकशीत विचारले असता, अडचणीत आणणे हाच माझा व्यवसाय, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. हे उत्तर निर्दय म्हणणाऱ्यांनी ते त्या स्वप्नाशेजारी ठेवून वाचावे.

एमिल ग्रिफिथचे दुःख याहून गुंतागुंतीचे. २४ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्क येथे त्याच्या ठोशांनी बेनी पॅरेट कोसळला व दहा दिवसांनी वारला. लढतीपूर्वी वजन घेताना पॅरेटने त्याच्या पुरुषत्वावरून त्यास हिणवले होते. त्या ठोशांत व्यवसाय किती आणि राग किती, हे खुद्द ग्रिफिथलाही निश्चित सांगता आले नसावे. तो १९७७ पर्यंत लढत राहिला. स्वप्ने मात्र सुटली नाहीत. त्याच्यावरील २००५ च्या अनुबोधपटात तो पॅरेटच्या मुलास भेटतो.

आपल्या परंपरेत या मनास जागा कोठे आहे? भासाच्या ‘ऊरुभङ्गा’त मरणारा दुर्योधन रंगभूमीवर येतो, मांड्या फोडणारा भीम मात्र येतच नाही. नाटककाराने सारी करुणा हरलेल्यावर उधळली. शांतिपर्वात युधिष्ठिर व्याकूळ होतो खरा. पण ती आप्तवधाची, विशेषतः कर्ण सख्खा भाऊ होता या जाणिवेची व्यथा आहे. परक्याच्या मृत्यूने जेता खचला, असे तेथे होत नाही.

जॉन फोर्डच्या १९५२ सालच्या ‘द क्वाएट मॅन’ या चित्रपटाने हा विषय हाती घेतला. आखाड्यात प्रतिस्पर्धी मेल्यामुळे शॉन थॉर्न्टन पुन्हा हात उगारीत नाही, आणि पत्नी त्यास भ्याड समजते. येथवर सारे अस्सल आहे. पुढे मात्र मेव्हण्याशी झालेल्या गमतीदार मारामारीत, मध्येच थांबून मद्य पिऊन, त्याची व्यथा विरून जाते. प्रेक्षक हसतो, आम्हीही हसलो. पण काही क्षणांच्या पूर्वस्मृतीत त्या प्रेताकडे सुन्न होऊन पाहणारा जो थॉर्न्टन दिसला होता, त्याच्याकडे दिग्दर्शक पुन्हा वळत नाही.