राजाश्रय, संस्था आणि व्यासपीठ

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरीत, म्हणजे आजच्या वाशीम येथे, लावला आहे. हे नगर वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः प्राकृत ‘हरिविजया’चा कवी होता. वाङ्मय आणि सत्ता यांचे सख्य आपल्या परंपरेला विसंगत वाटलेले नाही. प्रश्न उद्भवतो तो सत्ता निरंकुश झाल्यावर. राजाश्रयाचा वारसा अनुदानाच्या रूपाने सांभाळणारी संस्था अशा वेळी काय करू शकते?

मराठीत या प्रश्नाची कसोटी डिसेंबर १९७५ मधील कराडच्या साहित्य संमेलनात लागली. आणीबाणी ही लष्करी राजवट नव्हती. परंतु प्रसिद्धीपूर्व नियंत्रण आणि विनाचौकशी स्थानबद्धता ही तिची साधने त्याच जातकुळीची होती. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण केंद्रीय मंत्री होते. त्याच मंडपात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याचा उघड पुरस्कार केला व आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थनेचे आवाहन केले. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली.

याचे श्रेय दुर्गाबाईंच्या निर्भयतेला दिले जाते. ते यथार्थ असले तरी अपुरे आहे. संमेलनाध्यक्षाच्या हाती निधी नसतो, नियुक्त्या नसतात. असते केवळ व्यासपीठ आणि समोरचा श्रोतृवर्ग. स्थायी संस्थेला जे गमावण्याचे भय असते, ते या अल्पकालीन पदाला नसते.

अर्जेंटिनातील प्रसंग येथे ताडून पाहण्याजोगा आहे. १९ मे १९७६ रोजी लष्करशहा व्हिदेला यांच्यासमवेत बोर्हेस, साबातो, लेखकसंघटनेचे अध्यक्ष राती आणि धर्मगुरू-लेखक कास्तेयानी भोजनास बसले. अपहृत कादंबरीकार आरोल्दो कोंती यांचा विषय कास्तेयानींनी काढलाही. परंतु तो बंद दाराआड. जगाला दिसली ती केवळ सत्ता आणि साहित्य यांची पंगत. कोंती परतले नाहीत.

तेव्हा संस्थेची परीक्षा तिच्या ठरावांवरून न करता, स्वतःच्या ताब्यात नसलेल्या आवाजाला ती जाहीर व्यासपीठ देते की नाही, यावरून करावयास हवी. जानेवारी २०१९ मध्ये वाशीमशेजारच्या यवतमाळ येथील संमेलनात उद्घाटक नयनतारा सहगल यांचे निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले. अध्यक्षा अरुणा ढेरे यांनी त्याविषयी व्यासपीठावरूनच नापसंती व्यक्त केली. येथेही बोलले ते पद. संस्था आधीच माघारली होती, आणि त्या वेळी आणीबाणी नव्हती.