‘सावकाश वाळवा’ : अपुरे उत्तर

‘माती भराभर वाळली की तडकते,’ असे आपण वर्गात सर्रास सांगतो. आमचा आक्षेप ‘भराभर’ या शब्दाला आहे. तडा जातो तो असमान आकसण्यामुळे. वरचा थर आधी वाळून आकसू लागतो, आतला ओला थर त्याला अडवतो.

पुण्याच्या ‘सी-मेट’मध्ये इलेक्ट्रॉनिक मंडलांसाठी सिरॅमिकच्या पातळ पट्ट्यांवर काम झाले आहे. अशी पट्टी पाण्यात कालवलेल्या मिश्रणाची असेल, तर ती आधी उबदार पण दमट हवेत ठेवावी. ६० अंश सेल्सिअसला पाण्याची विष्यंदिता २० अंशांच्या मानाने निम्म्याहून कमी असते. त्यामुळे आतले पाणी सहज वर येते आणि दमट हवेमुळे पृष्ठभाग आधीच कोरडा पडत नाही. आकसणे थांबले की कोरडी हवा सोडावी.

‘सावकाश’ एवढेच शिकलेला विद्यार्थी हा मार्ग शोधणार कसा?